सातवा नियम

मला एका जागी बसवत नाही. जेवताना गुडघा हलतो, नमाजीला उभा राहिलो तरी पायाचा अंगठा चटईशी चाळा करतो. घरचे म्हणतात जन्मखोड आहे. मी कधी उन्हाचं नाव सांगितलं, कधी नसांचं. जन्मखोड वगैरे काही नाही. ती मला दुखानच्या कॅम्पात लागली आणि तिचं कारण मला पक्कं ठाऊक आहे.

एकोणीसशे पन्नासचं दशक संपत आलं होतं. कतारच्या पश्चिम किनाऱ्यावर दुखानला तेल कंपनीचा कॅम्प होता आणि मी तिथल्या ट्रान्सपोर्ट यार्डात कारकून होतो. मला तिथे चिकटवलं ते माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने. बहिणीला मी बुबू म्हणतो आणि त्यांना दुलाभाई. दुलाभाई माझ्या आधी चार वर्षं दापोलीकडून तिकडे गेले होते. पिकअप चालवायचे. तेलाच्या विहिरींवर पाइप पोचवायचे, पाणी पोचवायचे, माणसं न्यायचे आणि आणायचे. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं, पण वाळूत गाडी कुठे रुतेल हे त्यांना गाडीत बसल्या बसल्या कळायचं.

थंडीच्या दिवसांत शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की यार्डातल्या गाड्या सबख्यावर जमायच्या. सबखा म्हणजे समुद्राकाठचं खारं सपाट मैदान, वरून कडक, कडेला मात्र भुसभुशीत वाळू. तेलाची रिकामी पिंपं मांडून एक वाटोळा रस्ता आखला होता, अर्धा कडक जमिनीवरून, अर्धा वाळूतून. शर्यतीची खरी अट एकच होती. यार्डातून गाडी जशी मिळाली तशीच पळवायची. इंजिनाला हात लावायचा नाही, वजन कमी करायला मागची फळी काढायची नाही. गाड्या सगळ्या एकसारख्या खटारा, म्हणून जिंकायचा तो माणूसच.

जिंकणाऱ्याला बिस्किटांचा डबा मिळायचा आणि तो संध्याकाळच्या चहाबरोबर संपायचा. डब्याचं कुणालाच कौतुक नव्हतं. कौतुक होतं ते क्लबच्या खोलीतल्या सागवानी पाटीचं. हंगाम संपला की त्या पाटीवर सोनेरी रंगाने एक नाव लिहायचं, आणि ते कायमचं. ते त्या हंगामातल्या विजेत्याचं असेलच असं नव्हतं. माणसाची सगळी वर्षं तोलायची आणि मग ठरवायचं.

तोलायचं म्हणजे काय, यावर मेसमध्ये ताटं वाळून जाईपर्यंत भांडणं व्हायची. कुणी म्हणे, जास्त वेळा जिंकला तो मोठा, त्यात बोलायचं काय? कुणी म्हणे, जिंकणं गाडीच्या नशिबावर असतं, ज्याने इतक्या वर्षांत एकही पिंप पाडलं नाही तो मोठा. एक म्हातारा वेल्डर म्हणायचा, जो दुसऱ्याची रुतलेली गाडी काढायला थांबतो त्याचं नाव लिहा, बाकी सगळे पोरखेळ. मी तावातावाने सांगायचो की सगळ्यात वाईट गाडीतून ज्याने सगळ्यात जास्त काढलं तोच खरा. माझ्या डोळ्यांसमोर अर्थात दुलाभाई असायचे. त्यांच्या वाट्याला कायम स्प्रिंगचा पाटा मोडका असलेली ती एकच पिकअप यायची आणि तरी त्यांच्याइतक्या शर्यती कुणी जिंकल्या नव्हत्या.

त्यांना ते नाव हवं होतं. तोंडाने म्हणत नसत, पण क्लबात गेले की पाटीखालच्या खुर्चीवरच बसायचे. गेटपासवर पाहून पाहून इंग्रजीतलं आपलं नाव तेवढं त्यांना ओळखता यायचं. "बोर्डावर नाव लागला की फोटो काढू," एकदा मला म्हणाले, "नि तुझ्या बुबूला धाडू. तिला वाटता मी हितं नुसती हमाली करतंय." पाठीच्या दुखण्याने ते बेजार झाले होते. त्या उन्हाळ्यात करार संपला की ते कायमचे घरी जाणार होते. म्हणजे संधी तेवढीच.

आता माझं पाप. पाटी आणि क्लब सुरू झाले तेव्हा यार्डाच्या साहेबाने मला बोलावून शर्यतीचे चार नियम तोंडी सांगितले आणि टाइप करून आणायला लावले. मी नवा होतो, टायपिंगची फार घमेंड होती. चार ओळी टाइप केल्या आणि कागद बघितला तर अर्ध्याहून जास्त पान कोरं. मला लाज वाटली. साहेब म्हणेल, एवढंच? वर्कशॉपच्या भिंतीवर गाड्यांच्या देखभालीचा छापील तक्ता होता. त्यातल्या बऱ्या वाटल्या त्या ओळी उचलल्या, आकडे घातले आणि पान भरलं. दहा नियम झाले. सातवा होता, चाकांतली हवा तक्त्यात दिल्याप्रमाणे ठेवावी. साहेबाने न वाचता सही केली. कागद क्लबच्या दारामागे लागला आणि तीन हंगामांत तो कुणी वाचला नाही. वाळूत शिरण्याआधी खिळ्याच्या टोकाने व्हॉल्व्ह दाबून हवा सगळेच कमी करायचे. त्याशिवाय वाळूतून गाडी निघत नाही, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल.

तिसऱ्या हंगामाची शेवटची शर्यत दुलाभाईंनी जिंकली. दुसरा आला तो ड्रिलिंगकडचा एक शिकलेला मेकॅनिक. हरल्याचा राग त्याच्या डोक्यात गेला असावा. तो क्लबात गेला, दारामागचा कागद वाचला, हवा मोजायचं गेज घेऊन आला आणि सगळ्यांदेखत त्याने दुलाभाईंची चाकं मोजली. मग साहेबाला बोट ठेवून सातवा नियम दाखवला. त्याने स्वतःही हवा काढली होती, पण शर्यत संपल्या संपल्या पंप मारून भरलीही होती. हुशार माणूस. दुलाभाई टायरशेजारी उभे राहून माझ्याकडे पाहत होते, की हा कागदात काय लिहिलंय ते सांगेल. मी घड्याळाची चावी फिरवत बसलो.

पाटीवरचं नाव आम्ही तिघे ठरवायचो. एक साहेब. दुसरा कतारी म्हातारा, ज्याने कंपनीच्या पहिल्या गाड्यांना वाळवंटातून वाट दाखवली होती आणि ज्याचा शब्द साहेबही खाली पडू देत नसे. तिसरा मी, कारण वेळेच्या वह्या माझ्याकडे होत्या. आम्ही क्लबात बसलो. साहेब म्हणाला, या माणसाइतक्या शर्यती कुणी जिंकल्या नाहीत, पण नियम मोडणाऱ्याचं नाव मी कायमचं कसं लिहू? आणि ही त्याची पहिली वेळ कशावरून?

म्हातारा भडकला. तोडक्यामोडक्या हिंदीत म्हणाला, "रेत में टायर का हवा सब निकालता है. मैं निकालता, मेरा लडका निकालता. ये नियम किसने बनाया?" मग माझ्याकडे वळला. कारकुनाला तो कातिब म्हणायचा. "कातिब, तुम बोलो. ये किसका बात है?"

मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. साहेब, ती ओळ तुमची नाही, पान रिकामं दिसत होतं म्हणून मी भरली. पण त्या वाक्याबरोबर साहेबाची न वाचता केलेली सहीही उघडी पडणार होती. आणि दोह्याच्या ऑफिसात माझी बदली व्हावी म्हणून त्याच साहेबाची चिठ्ठी त्याच आठवड्यात जाणार होती. टेबलाखाली माझा गुडघा उडायला लागला. तो दाबून धरला तर दुसरा उडू लागला.

आमच्या गावात जमातीची बैठक बसते तेव्हा एक रीत आहे. आपल्या नातलगाचं प्रकरण निघालं की माणसाने उठून बाहेर जायचं. कुणी सांगावं लागत नाही. जो उठत नाही त्याला लोक नंतर वर्षभर टोमणे मारतात. लहानपणापासून ही रीत मी पाहिलेली, अंगात भिनलेली. ती मला त्या क्षणी आठवली आणि मी तिला बुडत्याने काडीला धरावं तसं धरलं. उभा राहिलो. म्हटलं, "ते माझ्या बहिणीचे पती आहेत. आमच्याकडे अशा वेळी माणूस बसत नाही. तुम्ही दोघे ठरवा."

म्हाताऱ्याने छातीवर हात ठेवून मान लववली. साहेबही उठून उभा राहिला, माझ्यासाठी! मी बाहेर येऊन पाण्याच्या टाकीभोवती फेऱ्या मारत राहिलो. आत सांगणारा कुणी उरला नव्हता. दहा मिनिटांत निकाल लागला, पाटीवर मेकॅनिकचं नाव.

रीत असते ती माणसाने मत देऊ नये म्हणून. साक्ष असेल तर ती देऊन मग उठायचं असतं, हे जमातीतलं पोरगंही जाणतं. मीही जाणत होतो.

दुलाभाई खोलीत खाटेवर बसले होते. निकाल त्यांना आधीच कळला होता. म्हणाले, "तू उठलास ता बरा केलास. नायतर लोका बोलली असती, मेव्हण्याने नाव लावून दिला." मग विचारलं, "पन रूल खरोखर व्हता ना? तू लिवलावतास ना तो कागद? साहेबाने सांगलेला?"

"व्हता," मी म्हटलं. "साहेबाने सांगितलेला."

"मंग माझीच चूक," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

पुढचे दोन महिने कॅम्पात त्यांना हवाचोर म्हणत. थट्टेनेच म्हणत, चहा पाजत आणि म्हणत, पण दुलाभाई हसत नसत. शर्यत बघायलाही ते पुन्हा आले नाहीत. पिकअप रुतली तरी हवा काढायचे नाहीत. पाठीचा त्रास असून फावड्याने वाळू उपसत बसायचे. करार संपला, ते गेले. मी दोह्याच्या ऑफिसात गेलो. तिथे पंखा होता, खुर्चीला गादी होती, आणि त्या खुर्चीत मी कधी धड बसलो नाही.

पाचसहा वर्षांनी मोठी सुट्टी घेऊन गावी आलो तर मला वेगळंच ऐकायला मिळालं. दुलाभाईंनी गावभर सांगून ठेवलं होतं की परमुलखात, गोऱ्या साहेबासमोर, माझा मेव्हणा जमातीची रीत विसरला नाही, नातं बघितलं नाही, उठून गेला. लोक मला वाटेत थांबवून हात हातात घेत. आणि बांधावरून एक जुना तंटा होता, त्याच्या निवाड्याला जमातीने पंच म्हणून मला बोलावलं. नाव दुलाभाईंनीच सुचवलं होतं. प्रकरण कसलं होतं ते, आणि स्वतःच्या शर्यतींबद्दल, मात्र त्यांनी बुबूखेरीज गावात कुणाला एक अक्षर सांगितलं नव्हतं. मुलं विचारायची, अब्बा, तिकडे गाड्या पळवायचात ना? ते म्हणायचे, काय नाय, सामान पोचवायचो.

हे मला भाच्याने सांगितलं आणि माझ्याने राहवेना. बैठक दुपारी होती. सकाळीच त्यांच्या पडवीत गेलो, पंच म्हणून बसणार नाही हे सांगायला. कारण विचारतील हे माहीत होतं. त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. कोरं पान, भिंतीवरचा तक्ता, सातवा नियम, म्हाताऱ्याचा प्रश्न, आणि खाटेवर बसून त्यांनी विचारलं तेव्हा मी मारलेली थाप. बोलताना मी पडवीत येरझारा घालत होतो. वाटलं होतं ते उठून मारतील. मारायला हवं होतं.

ते म्हणाले, "म्हंजे साहेबाने तसा काय सांगलाच नव्हता?"

"नाही."

"म्हंजे मी चोरी केली नव्हती?"

"नाही दुलाभाई. तुम्ही कसलीच चोरी केली नव्हती."

"नव्हती केली," ते म्हणाले. पाठ धरत उठले आणि आतल्या दाराशी जाऊन मोठ्याने हाक मारली, "अगो, ऐकलास काय? मी चोरी केली नव्हती! ह्यो सांगतोय, तसा रूलच नव्हता!"

बुबू मासे साफ करत होती. ओले हात तसेच पुढे धरून बाहेर आली. आधी तिने नवऱ्याकडे पाहिलं. "मना काय सांगतांव? मना ता पहिल्यापासून म्हायत व्हता," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "पन तुला म्हायत व्हता ना? मंग येवढी वर्सा तू गप कसा ऱ्हायलास?"

मी पुन्हा येरझारा घालू लागलो. दुलाभाई तिच्या खांद्याला धरून उभे होते, आणि आमच्या दोघांकडेही न बघता पुन्हा पुन्हा म्हणत होते, "नव्हती केली. मी नव्हती केली."