एका दिवसात मुरबाड दोनदा

ठाण्याहून सकाळी सात वाजता निघाले तेव्हा गाडीत मागच्या सीटवर साठ वह्या, गुंडाळलेला एक बॅनर आणि त्यांच्यामध्ये बसलेल्या कुसुमताई होत्या. कुसुमताई आमच्या मंडळाच्या अध्यक्ष. मंडळ म्हणजे मुंबईतल्या एका मुलींच्या वसतिगृहात चाळीसेक वर्षांपूर्वी राहिलेल्या आम्ही बायका. पूर्वी वर्षातून एकदा भेटून आम्ही समोसे खायचो आणि तेव्हाच्या रेक्टरबाईंना नावं ठेवायचो. मग कोणाला तरी वाटलं की समाजासाठी काहीतरी करावं. तेव्हापासून शहापूर तालुक्यातल्या शेणवे गावाजवळच्या एका शाळेतल्या, दहावी झालेल्या मुलींच्या आम्ही 'मार्गदर्शक' आहोत. समोसे चालूच आहेत.

माझ्या वाट्याला सोनल आली. मी बँकेतून निवृत्त झालेली, त्यामुळे तीन महिने दर रविवारी फोनवर तिला बँकेच्या परीक्षांबद्दल सांगत होते. ती शांतपणे ऐकायची. एकदा तिने विचारलं, "मॅडम, बँकेत लाइट गेली तर कोण येतं?"

"वायरमन."

"मला ते व्हायचंय."

मुरबाडच्या एका प्रशिक्षण संस्थेत वायरमनच्या कोर्सला तिचं नाव लागलं होतं. कागदपत्रं घेऊन प्रवेश पक्का करायचा आजचा शेवटचा दिवस होता. मागच्या भेटीत झेरॉक्स काढायला म्हणून मी तिचा शाळा सोडल्याचा दाखला घरी नेला होता. परत देताना तिला सुखद धक्का द्यावा म्हणून ठाण्यात त्याला चांगलं जाड लॅमिनेशन करून घेतलं. वाटेत कुसुमताईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "छान. आता पिढ्यान्‌पिढ्या टिकेल."

वाशिंद मागे पडलं, शहापूरला महामार्ग सोडला. जुलै महिना, दोन्ही बाजूंना लावणी चाललेली. हिरव्या रंगाबद्दल लिहिण्यासारखं पुष्कळ होतं, पण मी गाडी चालवत होते आणि रस्त्यातले खड्डे जास्त लक्ष वेधून घेत होते.

कुसुमताईंना आणि वह्यांना शाळेत उतरवलं. तिथे दुपारी मुख्याध्यापकांचा सत्कार आणि त्याआधी कुसुमताईंचं भाषण होतं. भाषण चुकणार याचं मी फार वाईट वाटून घेतलं नाही. सोनलच्या घरी गेले तर ती दारातच तयार उभी होती. वडील वाशिंदच्या कारखान्यात पहिल्या पाळीला गेलेले. आईची सही हवी होती आणि आई शेतात. आम्ही बांधावरून गेलो. मी दोनदा घसरले. आई हातातलं आवण (भाताची रोपं) खाली ठेवून वर आली.

"पोरगी खांबावर चढणार," ती मला म्हणाली, "मग हिचं लगीन कसं व्हायचं?"

"खांबावरून उतरल्यावर करीन," सोनल म्हणाली.

आईने ओढ्यात हात धुतले, पदराला पुसले आणि अर्जावर सावकाश सही केली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मला त्यातलं काय कळत नाय. तुमी हायेत ना संगती?"

"आहे ना," मी म्हणाले. इतक्या ठामपणे मी बँकेत कधी कर्जसुद्धा मंजूर केलं नव्हतं.

किन्हवलीवरून मुरबाडला पोचायला तासाहून जास्त लागला. वाटेत मी दाखला सोनलच्या हातात दिला. तिने तो उलटसुलट करून पाहिला आणि "चकचकीत केला," एवढंच म्हणाली. मला ते कौतुक वाटलं.

संस्थेत रांग होती. बारा वाजून गेल्यावर आमचा नंबर लागला. खिडकीमागच्या बाईंनी एकेक कागद तपासला. दाखल्यापाशी त्यांचा हात थांबला. त्यांनी तो नखाने खरवडून पाहिला.

"हे कोणी केलं?"

"मी," मी जरा अभिमानानेच म्हणाले.

"मूळ दाखल्यावर आम्हाला मागे शिक्का मारून सही करावी लागते. प्लास्टिकवर कसा मारणार? शाळेतून दुसरी प्रत आणा. चारला खिडकी बंद होते."

बाहेर येऊन मी पर्समधली नखं कापायची कात्री काढली. कडेने प्लास्टिक सोडवता येईल, असं मला वाटत होतं. सोनलने माझ्या हातातून दाखला काढून घेतला.

"तुमाला कोणी सांगितलं होतं?" ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता. रांगेतल्या दोन मुलांनी वळून पाहिलं. लोकांच्या कागदपत्रांत मी तीस वर्षं त्रुटी काढल्या होत्या. त्या खिडकीसमोर उभं राहिल्यावर कसं वाटतं हे मला त्या दिवशी कळलं.

सोनल तोवर कामाला लागली होती. तिने मुख्याध्यापकांना फोन लावला. ते उचलेनात, कारण ते सत्काराला बसले होते. मग मी कुसुमताईंना लावला. त्यांनी तिसऱ्यांदा उचलला आणि कुजबुजल्या, "अगं, माझं भाषण चाललंय."

मी झालेला घोटाळा सांगितला. मग फोन कानाला तसाच ठेवून, माइकवर, सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "सर, शाल नंतर. दाखल्यांचं पुस्तक कुठे आहे?"

परतीच्या रस्त्यावर सोनल खिडकीबाहेर बघत होती. मी दोनदा माफी मागितली. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "मॅडम, पुढे बघा. खड्डा हाय."

शाळेत पोचलो तेव्हा मुख्याध्यापक व्यासपीठावरच्याच टेबलाशी बसून दुय्यम प्रत लिहीत होते. शेवटी शाल कोणीतरी घातलीच होती. ती सारखी घसरत होती आणि कुसुमताई मागे उभ्या राहून ती सावरत होत्या. समोर साठ मुली नव्या वह्या मांडीवर घेऊन हा कार्यक्रम पाहत होत्या. भाषणापेक्षा हा भाग त्यांना आवडलेला दिसला. सरांनी जुना दाखला जमा करून घेतला, नव्यावर शिक्का मारला, शाई वाळावी म्हणून फुंकर घातली. प्रत घ्यायला मी हात पुढे केला. त्यांनी ती सोनलला दिली.

पुन्हा तोच रस्ता. किन्हवलीच्या पुढे म्हशींचा कळप आडवा आला. म्हशींना चारच्या खिडकीशी देणंघेणं नव्हतं. सोनल भर पावसात उतरली, हैक हैक करत त्यांना बाजूला घेतलं आणि भिजून परत बसली. दाखला तिने प्लास्टिकच्या पिशवीत घालून ओढणीखाली धरला होता.

चार वाजायला दहा मिनिटं होती. खिडकीमागच्या बाईंनी दाखला उलटा केला, शिक्का मारला, सही केली आणि पावती दिली. सोनल पावती वाचत बाहेर आली. नाव, कोर्स, सगळं नीट वाचलं. मग पहिल्यांदा हसली.

स्टँडसमोर आम्ही वडापाव खाल्ले. मी चार खाल्ले, हे आमच्या मंडळाच्या वार्तापत्रात कोणी छापू नये. खाताना मी विचारलं, "अजून राग आहे?"

"होता," ती म्हणाली. "पण तुमी पळालात नाय. दोनदा गाडी काढलीत." मग पावती पिशवीत घालत, "आता माझे पेपर मीच ठेवीन."

"हो," मी म्हणाले.

तिला घरी सोडलं. आई अजून शेतातच होती. लांबून सोनलने पावती हलवून दाखवली आणि आईने चिखलाचा हात वर केला.

कुसुमताईंना घेऊन ठाण्याकडे निघाले. मी शिकवणारी आणि सोनल शिकणारी, असं गृहीत धरून मी तीन महिने बोलत होते. तिला काय हवं ते तिला आधीच ठाऊक होतं. तिला तिथवर पोचवणारं कोणीतरी हवं होतं आणि जमल्यास त्या माणसाने वाटेत तिच्या गोष्टींना हात लावू नये, एवढीच अपेक्षा होती.

वाशिंदच्या अलीकडे कुसुमताईंनी वही काढली. "अहवालात काय लिहू?"

"लिहा, मुलीने प्रवेश घेतला. मार्गदर्शिकेने अडचण निर्माण केली आणि तीच निस्तरली."

"असं कसं लिहिता येईल?" त्या म्हणाल्या. थोडं अंतर गेल्यावर म्हणाल्या, "पण लिहू या. बाकीच्या बायकांना कळेल."

सोनलचा फोन आता तिच्या सवडीने येतो. परवा ती अर्थिंग म्हणजे काय ते समजावत होती. मी मध्ये एक सल्ला देणार होते, पण ती अजून बोलत होती, म्हणून ऐकत राहिले.