पेच्चिअम्माळची फुंकर

आमच्या तेन्काशीच्या गल्लीत तिशीच्या आतलं जे कोणी दिसेल, त्याला पेच्चिअम्माळने पायांवर घालून न्हाऊ घातलेलं आहे. टाळूवर तेल, कढत पाणी, उदाची धुरी, आणि शेवटी बाळाच्या नाकाला तोंड लावून एक फुंकर. "श्वासाची वाट मोकळी करते," ती म्हणायची. माझ्या सासूबाईंचा डॉक्टरपेक्षा तिच्यावर जास्त भरवसा.

त्या मार्गळी महिन्याच्या थंडीत आठवड्याभरात गल्लीतली तीन तान्ही आजारी पडली. माझी दीड महिन्याची मुलगी दूध सोडून धापा टाकू लागली. इस्पितळात तिला ऑक्सिजन लावला. सासूबाईंनी दृष्ट काढली, मग देवळातल्या गर्दीला नावं ठेवली.

नर्स सेल्वमेरीने एवढंच विचारलं, "या तिन्ही घरांत रोज कोण जातं?"

चार दिवसांपूर्वी पेच्चिअम्माळ पदराने नाक पुसतच आली होती.

"मोठ्यांना नुसतं पडसं होतं," सेल्वमेरी म्हणाली, "तेच या जिवांच्या छातीत भरतं."

मुलगी वाचली. खोटं कशाला सांगू, म्हातारीचा मला संताप आला होता. पण शुक्रवारी तिच्याच घरी इस्पितळातून बाळ येणार होतं. तिने लहानाची मोठी केलेली नात लग्नानंतर बारा वर्षांनी बाळंत झाली होती. सांगणं भाग होतं. गेले तेव्हा ती न्हाणीतला पाट घासत होती, मधेच शिंकत होती.

सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे मीच?"

"तुम्ही मुद्दाम नाही केलंत, आजी."

"मुद्दाम केलं असतं तर निदान ठाऊक तरी असतं."

पाट मात्र तिने पुरता घासला.

शुक्रवारी पेच्चिअम्माळ बाहेर ओट्यावर बसली. आत तिची लेक बाळाला न्हाऊ घालत होती आणि ही दारातून हुकूम सोडत होती.

"मान धर. अगं, मान. भांडी घासतेयस का?"

"आई, तूच ये ना. याचं नाक चोंदलंय."

"मऊ फडक्याने पूस. फुंकायचं नाही."

मी शेजारीच उभी होते. तिच्या ओठांचा चंबू झाला होता, छाती भरून आली होती. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं आणि ती फुंकर भिंतीवर सोडून दिली.