बोलीचा दहीभात

सुंदराबाईला सरकारी योजनेचे महिन्याला पंधराशे मिळायला लागले आणि गावातल्या निम्म्या पुरुषांच्या पोटात दुखायला लागलं. पानठेल्यावर, पारावर, भातकुलीला जाणाऱ्या ऑटोत एकच पाढा: बाया माजल्या, फुकटचं खाऊन आळशी झाल्या, वावरात यायला मजूर मिळत नाही. हे बोलणारे स्वतः भर दुपारी पानठेल्यावर बसलेले असत, ते सोडा.

आळशी झालेली ही सुंदराबाई पहाटे पाचला उठे. गाव खारपाणपट्ट्यातलं, हापशीचं पाणी तोंडात धरवत नाही आणि नळ येतो तिसऱ्या दिवशी. पाणी भरून, भाकर बांधून ती सातला वावरात. कमरेला जुन्या लुगड्याची ओटी बांधायची आणि सांजेपर्यंत कापूस वेचून तीत भरायचा. बोंडांच्या वाळल्या टोकांनी तिची बोटं सोलून निघाली होती. नवरा डोमाजी जाऊन सात वर्षं झाली होती आणि मुलगी रश्मी अमरावतीला नर्सिंग शिकत होती. जमीन म्हणाल, तर घराखाली जेवढी तेवढीच.

पंधराशेनं घरात फार काही पालटलं नाही. पाच रुपयांच्या पुडीऐवजी चहापत्तीचा पुडा आला. रश्मीच्या बसच्या पासासाठी कुणापुढे हात पसरावा लागला नाही. पण एक गोष्ट मोठी झाली. दोन पावसाळे गेले, सुंदराबाई खुशालरावांकडे उचल मागायला गेली नाही.

खरं दुखणं हे होतं. खुशालराव गावातले वीस एकरांचे धनी. श्रावणात मजुरांच्या हाताला काम नसतं, डब्यात पीठ नसतं. तेव्हा ते बायांना दोन-दोन हजार उचल द्यायचे आणि मग दिवाळीच्या तोंडावर वेचणीचा भाव ते म्हणतील तो. ज्याची उचल खाल्ली त्याच्यापुढे तोंड उघडणार कोण? यंदा मात्र त्यांच्याकडे वेचणाऱ्या सहाही बायांनी उचल घेतली नव्हती.

सुंदराबाईनं एक गोष्ट मात्र कुणाला सांगितली नव्हती. तिचे पंधराशे दोन महिन्यांपासून आलेच नव्हते. योजनेच्या नव्या पडताळणीसाठी सेवा केंद्रावरच्या संगणकाला तिच्या नवऱ्याचा आधार नंबर हवा होता आणि नवऱ्याच्या मोबाइलवर आलेला आकडा हवा होता. नवरा मेला, असं तिनं तीन खेपा सांगितलं. तिसऱ्या खेपेलाही "मंग त्याच्या मोबाइलवरचा आकडा सांगा" हेच ऐकलं, तेव्हा ती शिवी गिळून घरी आली. माणूस मेल्याचं गावाला कळतं, स्मशानाला कळतं, फक्त या डब्याला कळत नाही. घरात आठ दिवसांची ज्वारी उरली होती.

दसरा झाला आणि खुशालरावांच्या वावरात सीतादही आलं. पहिल्या वेचणीच्या दिवशी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या झाडाच्या, बुडाशी दगड मांडून दहीभात वाहतात आणि मग तोच वेचणाऱ्या बायांना देतात. या गावात वेचणीचा भावही तेव्हाच ठरतो. दहीभात खाल्ला की बोली पक्की, हंगामभर बदल नाही. सुंदराबाई बौद्ध, ती पूजेला हात जोडत नसे. पण बोलीचा घास तिनंही वीस वर्षं खाल्ला होता.

खुशालरावांच्या बायकोनं, कौशल्याबाईनं, सहा पानांवर वरूनच दहीभात टाकला.

"यंदा किलोले आठ," खुशालराव म्हणाले.

मागच्या वर्षी दहा होते. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या.

"दोन रुपये काहून कमी, भाऊ?" सुंदराबाईनं विचारलं.

"आता सरकार देते ना तुमाले घरबसल्या."

सुंदराबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरबसल्या!

"तुमाले बी तं येतेत," ती म्हणाली. "शेतीचे हप्ते. मंग यंदाचा कापूस व्यापाऱ्याले सस्त्यात देऊन राहिले का तुमी?"

"ते येगळे. आमी शेती कसतो."

"आन हा कापूस काय आपल्या पायानं तुमच्या घरी चालत येते?"

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हा जुनाच न्याय. त्यांना मिळाले तर तो मान आणि हिला मिळाले तर तो माज! सुंदराबाईनं पान उचललं, घास न मोडता वावराच्या कडेला धुऱ्यावर ठेवलं आणि ती उठली. तिच्या मागून गोदाबाई उठली, मग बाकीच्या चौघी. कौशल्याबाई पातेलं धरून तशीच उभी राहिली.

सुंदराबाई घरी आली. बाकीच्यांच्या खात्यात पैसे होते, तिच्या नव्हते. तिनं ज्वारी पुन्हा मापली आणि भाकरी सोडून आंबील करायला लागली.

खुशालरावांनी मजूर आणायला तिवशाकडे गाडी पाठवली, ती रिकामी आली. सगळ्यांचाच कापूस एकदम फुटलेला, कोण कुणाकडे येणार? चौथ्या दिवशी आभाळ भरून आलं. फुटल्या कापसावर पाणी पडलं की त्याची किंमत मातीत जाते. पाचव्या दिवशी सकाळी खुशालरावांची मोटारसायकल बुद्धविहाराकडच्या गल्लीत शिरली. वीस वर्षांत पहिल्यांदा.

"दहा घ्या आन चला," ते दारातूनच म्हणाले.

"दहा मागच्या वर्सी होते. बारा."

खुशालरावांनी आभाळाकडे पाहिलं. "बरं, बारा."

सुंदराबाईनं चुलीवर चहा ठेवला. डब्यातली शेवटची साखर त्यात गेली. कप पुढे आला तसे खुशालराव मागे सरले. "मले शुगर हाय, बाई." हेच गृहस्थ पानठेल्यावर दिवसाला तीन वेळा गोड चहा पितात, हे गावातल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं.

"रीत तुमचीच हाय, भाऊ," ती म्हणाली. "खाल्लं तं बोली पक्की. आमी वीस वर्सं तुमच्या वावरात खाल्लं. आज तुमी इथं प्या."

गोदाबाई आपल्या दारात येऊन उभी होती. बाकीच्याही आल्या. खुशालरावांनी कप घेतला आणि तोंड भाजत, उभ्या-उभ्या, तो रिकामा केला.

"सरकारनं लय माजवलं तुमाले," कप परत देताना ते पुटपुटले.

"दोन महिने झाले, भाऊ," सुंदराबाई म्हणाली, "सरकारचा एक रुपया नाई आला मले."