घसेरावांची घडीची तलवार

घसेराव रोज तलवार गिळत आणि रोज प्रेक्षकांतला एखादा शहाणा शेजाऱ्याला कोपराने ढोसून सांगे, "घडीची असते ती. सगळी मुठीत जाते." हे वाक्य घसेरावांच्या कानावर पडल्याशिवाय राहत नसे. घशात तलवार असताना माणसाला ऐकण्यापलीकडे काही करता येत नाही. मान मागे, नजर छताकडे, श्वास बेताचा. खोटी तलवार गिळणारा डोळे फिरवतो, विव्हळतो, टाळ्या घेतो. खरी गिळणाऱ्याला हूं की चूं करायची सोय नाही.

आणि गंमत अशी, की प्रोफेसरांच्या त्या अख्ख्या जादूच्या खेळात घसेरावांचं काम तेवढं खरं होतं. कापलेली बाई खोटी, हवेतून येणारं कबूतर बाहीतलं, आणि प्रोफेसरांची प्रोफेसरी तर सगळ्यांत खोटी. पण घसेराव चावून खात तो बल्ब खराच काचेचा, ते पाठ टेकत त्या फळीचे खिळे खरे, आणि तलवार अस्सल पोलादाची. जादूच्या खेळात खरं काम करणं म्हणजे नकट्यांच्या गावात नाक मिरवणं. कोण विश्वास ठेवणार? खुद्द प्रोफेसरही ठेवत नसत. "इतकी वर्षं एका ताटात जेवलो," ते अधूनमधून गळा काढत, "पण ती तलवार कुठे जाते हे काही तुम्ही सांगितलं नाहीत."

"पोटात जाते," घसेराव म्हणत.

"नका सांगू," असं म्हणून प्रोफेसर दोन दिवस रुसत.

बायकोचं मात्र वेगळं होतं. तिचा गैरसमज घसेरावांनी स्वतःच्या हाताने करून ठेवला होता. लग्नाचं विचारायला गेले तेव्हा सासरे तडकले, "मुलगी काय विधवा करायला देऊ?" घसेराव गडबडले आणि बोलून गेले, "छे हो मामा, घडीची तलवार आहे. खटका दाबला की आत." दाराआडून मुलीनेही ते ऐकलं. लग्न झालं. बायको तिकिटाच्या खिडकीत बसू लागली, नवरा आत तलवार गिळू लागला, आणि संसार बरा चालला. तलवार कुलपाच्या पेटीत असे. धंद्याचं गुपित म्हटल्यावर तिने कधी किल्ली मागितली नाही. घसा सुजून नवरा चार घास कमी जेवला तर ती म्हणे, "नाटकं पुरेत, रंगमंच तिकडे राहिला."

घसेराव हे ऐकून घेत. खरं सांगावं असं त्यांना पुष्कळदा वाटे, पण ती खिडकीत गाणं गुणगुणत तिकिटं फाडायची, ते गुणगुणणं बंद पडलं असतं.

तलवार आत गेली, की प्रेक्षकांतला एक जण येऊन घसेरावांचे हात पाठीमागे बांधी आणि मग एक बाई तलवार बाहेर ओढी. ही प्रोफेसरांची कल्पना. त्या वेळी ते स्वतः पुढच्या जादूसाठी पेटीच्या खोट्या तळाखाली घडी होऊन पडलेले असत. ओढायचं काम त्यांच्या मेहुणीकडे होतं. एके दिवशी मध्यंतरात कळलं, की मेहुणीने दातांच्या दवाखान्यात नोकरी धरली आणि ती यायची नाही.

"काळजी नको," प्रोफेसर पेटीत शिरताना म्हणाले, "आता वहिनी ओढतील."

घसेरावांच्या पायाखालची जमीन सरकली. तलवार सरळ आणि सावकाश निघाली पाहिजे, जरा वाकडी झाली तर आतून चीर. आणि त्यांच्या बायकोने आयुष्यात कुठलीही गोष्ट सावकाश ओढली नव्हती. कपाटाचा खण ओढला की खण हातात आणि सामान पायावर. मुलांचे स्वेटर ती अशी काढायची, की मुलं आपले कान जागेवर आहेत का ते चाचपून बघायची.

"निदान हात बांधू नका," घसेराव पेटीपाशी वाकून म्हणाले.

"पोस्टरवर बांधलेले छापलेत," पेटीतून आवाज आला.

तोवर बायको मेहुणीचा चमकीचा झगा घालून तयार. आरशासमोर ती हात नाचवत होती.

"अगं, ऐक," घसेरावांनी कपाळाचा घाम पुसला. "तलवार घडीची नाहीये. खरी आहे. मी तेव्हा खोटं बोललो होतो."

बायकोने कमरेवर हात ठेवले. "आज पहिल्यांदा मंचावर येतेय, तर मला घाबरवताय होय?"

"तुझी शपथ, खरी आहे!"

"खरी असती तर एवढ्या वर्षांत मेला नसता का तुम्ही? काहीतरीच आपलं!"

तलवार दाखवावी, तर ती मंचावर, भरल्या प्रेक्षकांसमोर, स्टँडवर उभी होती. घसेराव पेटीकडे धावले. "प्रोफेसर, हिला सांगा हो!"

"वहिनी," पेटी गंभीरपणे म्हणाली, "आमच्या खेळात सगळं खोटं असतं."

"बघा!" बायको म्हणाली.

बाहेर बँड वाजू लागला. घसेरावांना मुलं आठवली, घर आठवलं, आणि एकदम अक्कल सुचली. "बरं बाई, घडीचीच आहे. पण खटका नाजूक झालाय. हिसका बसला तर तुटेल, आणि तसली तलवार आता कुठे मिळत नाही."

बायकोचा चेहरा बदलला. "मग हे आधी नाही का सांगायचं? वस्तूची काही किंमत आहे का तुम्हाला?"

मंचावर घसेरावांनी मान मागे टाकली आणि तलवार मुठीपर्यंत आत घेतली. एका जाड्या माणसाने येऊन त्यांचे हात करकचून बांधले. मग चमकीचा झगा सळसळत जवळ आला. बायकोने मूठ धरली. वस्तू महागाची, ती जपायची होती. सुईत दोरा ओवावा तशा एकाग्रतेने ती ओढू लागली, सरळ, सावकाश, हात जराही न थरथरता. मेहुणीने असं कधीच ओढलं नव्हतं. टाळ्या पडल्या त्या झग्याला पडल्या, पण पडल्या. घसेरावांना आनंदाने रडू येत होतं.

विंगेत आल्याबरोबर, नवऱ्याचे हात सोडायच्या आधी, बायकोने खटका तपासला. मुठीवर बोटं फिरवली. खटका सापडेना. तिने टोक लाकडी खोक्यावर टेकवलं आणि दाबलं. मग अंगाचा भार टाकून दाबलं. खोकं करकरलं, टोक लाकडात रुतलं, पातं तसंच्या तसं उभं.

बाहेर प्रोफेसर पेटीतून प्रकट झाले असावेत, कारण प्रेक्षक वेड्यासारखे ओरडत होते. बायको मात्र पात्याच्या टोकापासून मुठीपर्यंत बघत राहिली. मग तिने तेच अंतर नवऱ्याच्या ओठांपासून खाली डोळ्यांनी मोजलं आणि रुतलेल्या तलवारीशेजारी खोक्यावर बसली.

"खटका अडकला असेल," घसेराव घाईघाईने म्हणाले. "तेल घालून आणतो."

ती उठली. तिने त्यांची हनुवटी धरून दिव्याकडे वळवली. "आ करा."

घसेरावांनी आ केला. तिने पुष्कळ वेळ आत पाहिलं.

"दुखतं का हो?"

इतक्या वर्षांत त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं. छे, काहीतरीच, हे उत्तर जिभेवर तयारच होतं. बांधलेल्या हातांनी तसेच उभे राहून ते म्हणाले,

"रोज."