ढोलकी लावलेला आवाज

टपरीवर माझाच आवाज वाजत होता.

लातूरच्या क्लासेसच्या गल्लीत मी चहाला थांबलो होतो. पलीकडच्या बाकड्यावर मोटर-पंपाच्या लाइनीतलीच दोन-तीन पोरं बसलेली. एकाच्या मोबाईलमधून आलं, "रामराम मंडळी, मी लातूरहून बोलायलो. त्या बोरची गोष्ट अशी हाय..." आणि 'हाय'वर ढोलकीची थाप. परत 'हाय'. परत थाप. पोरं पोट धरून हसायली.

"म्हातारं मोटरीचं सांगतंय का पोथी वाचतंय रे?" एक जण म्हणाला.

पोरांनी मला ओळखलं नाही. टपरीवाल्यानं ओळखलं. त्यानं मान खाली घातली आणि उगाच फडकं फिरवत बसला. मी चहा तसाच ठेवून निघालो.

आवाज मीच पाठवला होता. पण असा नव्हे. तो कापला होता कुणीतरी.

मी मोटारी भरतो. जळालेल्या मोटरीतली तार काढून नवी तार भरायची, हे काम. शाळा तिसरीपर्यंत. भूकंपात गाव गेलं तेव्हा लातूरला आलो, ते हेच काम धरून. मग शहरात क्लासेस आले. त्यांच्यामागं पोरं आली, पोरांसाठी होस्टेलं आली, अन् प्रत्येक होस्टेलाखाली एक बोर. हाताला उसंत नव्हती. पुढं मोटर चालू-बंद करणारी नवी पॅनलं निघाली, आत इलेक्ट्रॉनिक बोर्ड असलेली. मोटर मला हात लावला की कळते. बोर्ड कळत न्हाई. या वयात ते शिकायला कुठं जाणार?

म्हणून व्हॉट्सॲपचा ग्रुप. लातूर, नांदेड, पार उदगीरपर्यंतचे मेकॅनिक त्यात. चालवणारे एक इंजिनिअर सर. क्लासवर शिकवतात, पॅनलचा मालही विकतात. मला त्यात घातलं मुदखेडच्या रहीमभाईनं. त्याच्या घरात बापापासून मोटारी भरायचं काम. म्हणाला होता, "मामू, अब ग्रुप में रहना पडता. नै तो धंदा बंद." खरं होतं. आता येणारं सगळं काम नव्या पॅनलचंच. ग्रुप गेला की मी घरी बसलो.

झालं असं, की मुलींच्या एका होस्टेलात मोटर सुरू व्हायची आणि जराशानं पॅनल ती बंद पाडायचं. वरच्या मजल्यांना पाणी नाही. पोरी बादल्या घेऊन जिन्यात. मी ग्रुपात विचारलं. टाइप मला जमत नाही. तार ओढून ओढून बोटं जाड झालीत, एक अक्षर दाबलं की शेजारची दोन दाबली जातात. म्हणून बोललो. दुकानात बोलतात तसंच बोललो. आमच्यात कुणी येऊन एकदम दुखणं सांगत नाही. आधी रामराम. मग गाव कोणतं, बोर कुणी पाडला, शेजारच्या बोरला पाणी कसं हाय, मोटर याआधी कुणाच्या हाताखालून गेली. निम्मं दुखणं त्यातच सापडतं. प्रश्न शेवटी येतो. माझाही शेवटी आला.

तोवर कुणी ऐकलंच नाही.

सरांनी लिहिलं. मी जोडून जोडून वाचलं. "काका, हा टेक्निकल ग्रुप आहे, गावची चावडी नाही. प्रश्न विचारायची अक्कल आधी शिका, मग या." खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. मी मोबाईल पालथा घातला, नंतर ग्रुप उघडलाच नाही. टपरीवरून घरी आल्यावर उघडला. ढोलकी सरांनीच लावून टाकली होती.

हे मला नवीन नव्हतं. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात मदतीच्या याद्या करायला एक साहेब टेबल टाकून बसले होते. माझा नंबर आला. मी सांगायला लागलो, "साहेब, गणपती बुडवून आम्ही घरी आलो..." त्यांनी टेबलावर पेन आपटला. "मुद्द्याचं बोल. मेलं कोण?" मी म्हणालो, "आई." झालं. मागचा माणूस पुढं सरकला. आई रोज ओसरीवर निजायची ती त्या रात्री आत का निजली, हे मला सांगायचं होतं. ते आजवर कुणी विचारलं नाही. मी गप बाजूला झालो होतो. तरणाबांड होतो, तरी गप.

रहीमभाईचा फोन आला. "मामू, बुरा नक्को मानो. तुम पहले खानदान बताते, बाद में बीमारी. इधर उलटा चलता. पहले बीमारी बोलो."

मी हसलो. सरांनी सांगितलं तेही हेच ना? पण यानं फोन लावला, एकट्याला सांगितलं, मामू म्हणून सांगितलं. मला पटलं. सांगणं वेगळं, थुंकणं वेगळं.

मी दुसरा आवाज पाठवला. "मोटर चालू होते. जराशानं पॅनल बंद पाडतंय. तार बघितली, मोटर गरम न्हाई. आता काय बघू? अन् सर, माझ्या आवाजाला ढोलकी लावली ती काढा. सगळ्यांसमोर लावली, सगळ्यांसमोर काढा."

सरांनी लिहिलं, "काका, जोक होता. स्पोर्टिंगली घ्या. ग्रुपचं वातावरण बिघडवू नका. संध्याकाळपर्यंत सॉरी म्हणा, नाहीतर रिमूव्ह करावं लागेल." त्याला अंगठे आले. लई अंगठे आले. प्रश्नाला उत्तर एकही नाही.

सॉरी मी म्हणायचं!

तेवढ्यात नायगावच्या एका मेकॅनिकचा फोन. कधी पाहिलेला माणूस नव्हे. बारीक आवाजात बोलत होता. "मामा, बोरचं पाणी जरा खाली गेलंय, म्हणून मोटर करंट कमी ओढायली. मोटर कोरडी फिरायली असं पॅनलला वाटतंय. त्याचं सेटिंग पुन्हा करा." कोणतं बटण किती वेळ दाबायचं तेही सांगितलं. मग म्हणाला, "पण माझं नाव ग्रुपात घेऊ नका. सरांकडूनच माल घेतो मी."

केलं सेटिंग. पाणी चढलं. वरून पोरी ओरडल्या, "आलं, आलं!" मी जिन्यात बसलो आणि मला आनंदच होईना. हसणं उघड्यावर झालं होतं, उत्तर लपून आलं. अंगठेवाल्यांचा आला नव्हता तेवढा राग त्या भल्या माणसाचा आला. तुला येतं, तुझं मनही चांगलं, मग भितो कशाला रे?

रहीमभाई म्हणाला, "काम हो गया ना? अब सॉरी बोल डालो. एक लफ्ज तो है."

"एका शब्दातच गप बसवतेत रे आपल्याला. मी सॉरी म्हणणार न्हाई."

"फिर खुद निकल जाओ, मामू. इज्जत रहती."

मी विचार केला. आपण निघालो की एकट्या सरांना कळतं, अमका बाहेर पडला. ते सगळ्यांना सांगणार, म्हातारा रुसला. काढलं तर ग्रुपात ओळ येते. कुणी कुणाला काढलं, दोन्ही नावं येतात.

मग मी तिसरा आवाज पाठवला. "सर, सॉरी म्हणणार न्हाई. ग्रुप सोडणार न्हाई. प्रश्न आधी सांगायचा, ते मी शिकलो, पण तुमच्याकडून न्हाई. बोलणार आवाजातच. हाय म्हणणार, न्हाई म्हणणार. ढोलकी काढायची नसंल तर मला काढा. तुमच्या नावानं काढा. वाचू द्या समद्यांना."

संध्याकाळ झाली. काढलं नाही. दुसरा दिवस गेला. मला काढलं नाही अन् ढोलकीही काढली नाही.

आता सकाळी दुकानाचं शटर वर केलं की मी आधी ग्रुपात बोलतो. "सर, ढोलकी काढली का?" एवढंच. रामराम घालत नाही. पोरं हसणारे चेहरे टाकतात, टाकू देत. उद्याही विचारणार. मला काढेपर्यंत विचारणार.