विसावर अजून एक पान

माकणीची चांगुणाबाई साठीत ब्लॅकजॅक शिकत होती. तिचा राजपाल परदेशी जहाजावर याच खेळाची पानं वाटायच्या नोकरीला होता. दोन वर्षांत गावी आला नव्हता. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर तो आईला डाव शिकवायचा. पानांची बेरीज एकवीसपर्यंत न्यायची, वर गेली की हार.

आज तिचे वीस झाले, तरी ती म्हणाली, “अजून एक दे.”

नव्वी निघाली आणि ती हरली.

बाजेवरून नवरा पिराजी हसला, “लई हावरी हाय तुझी आय!”

“आये, विसावर थांबायचं. किती येळा सांगू?”

“सांग की. म्या जिंकले की शिकलीस म्हणतूस आन फोन ठिवतूस.”

राजपालनं पानं पुन्हा पिसली.

“नीट बघ,” तो म्हणाला, “पहिल्यापासून सांगतो.”