आणि पार्टी

मला भांडायला आवडतं, हे आधीच सांगून टाकते. कोल्हापुरात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी आम्ही दहा-बारा जण एका निवृत्त शिक्षकांच्या घरी जमतो आणि जुन्या गाण्यांवरून भांडतो. गाणी ऐकतोसुद्धा, पण ते निमित्त. खरी मजा ‘हे गाणं पहिल्यांदा कुणी रेकॉर्ड केलं’ या एका प्रश्नात. त्यावरून चांगल्या वयस्कर माणसांनी एकमेकांशी महिना महिना अबोला धरलेला मी पाहिलाय.

ज्यांच्या घरी जमतो त्यांना सगळे गुरुजी म्हणतात. त्यांच्याकडे भिंतभर कॅसेटी आहेत, दोन चालू टेपरेकॉर्डर आहेत आणि संगणकात एक यादी आहे. गाण्याचं नाव आणि पुढे पहिला आवाज. गुरुजींनी यादीत नाव घातलं की विषय संपला. आमच्यातल्या एक डेंटिस्ट बाई अमेरिकेतल्या काळ्या गायकांच्या सोल गाण्यांच्या वेड्या आहेत. त्या सांगतात की तिकडेही हीच भांडणं चालतात. जग ज्याच्या नावानं गाणं ओळखतं, त्याच्या आधी कुठल्या तरी लहान गावातल्या मुलीनं ते गाऊन ठेवलेलं असतं. गुरुजी हळहळून मान डोलावतात. तिकडच्या मुलींबद्दल त्यांना फार कळवळा.

आता इकडच्या मुलीचं ऐका. चौदा एप्रिलच्या जयंतीला आमच्या वस्तीत एक गाणं वाजतंच वाजतं. वस्तीतली पोरगी शाळेत जाते आणि मोठी अधिकारी होऊन गावात परत येते, असं ते गाणं. डीजेवर वाजतं, लग्नाच्या वरातीत वाजतं. मुंबईच्या एका मोठ्या गायकाचं गाणं म्हणून ते सगळ्यांना ठाऊक. मागच्या हिवाळ्यात आमच्या एका सभासदाला जयसिंगपूरच्या बाजारात एक जुनी कॅसेट मिळाली. त्या मोठ्या गायकाच्या तीन वर्षं आधीची. गुरुजींनी ती लावली आणि एका बाईचा आवाज सुरू झाला. कोवळा, वरच्या पट्टीतला, जरा घाईतला. दुसऱ्या ओळीला मी हातातला कप खाली ठेवला. तो आवाज मी जन्मापासून ऐकत आलेय. ती माझी आई होती.

आई लग्नाआधी कोडोलीच्या गायन पार्टीत होती, एवढं मला माहीत होतं. कॅसेट निघाल्याचं ती एका शब्दानं कधी बोलली नव्हती. मी जवळजवळ ओरडूनच हे सगळ्यांना सांगितलं. गुरुजींनी चष्मा लावून कव्हर वाचलं. त्यावर पार्टीच्या शाहिरांचं नाव होतं आणि खाली बारीक अक्षरात ‘आणि पार्टी’. त्यांनी यादीत शाहिरांचं नाव टाकलं.

“गुरुजी, आवाज बाईचा आहे हो!”

“मॅडम, कव्हरवर छापलंय ते धरायचं, हा आपला नियम. नाहीतर उद्या कुणीही येऊन म्हणेल, ही माझी आत्या गातेय.”

“आत्या नाही, आई.”

सगळे हसले. मी कॉलेजात वर्गभर पोरं गप्प बसवते, पण त्या दिवशी माझं कुणी ऐकलं नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली. गाण्यातल्या पोरीसाठी माना डोलावणारी ही माणसं, आणि गाणारी पोरगी मात्र ‘आणि पार्टी’!

गाणं फोनवर घेऊन मी पुढच्याच शनिवारी कोडोलीला गेले. मला वाटलं, आईचे डोळे भरून येतील. पहिलं कडवं झालं आणि ती म्हणाली, “बंद कर ते.”

“का गं?”

“चुकलोय मी त्यात. पाटीवर अक्षर गिरवायचं कडवं आधी हाय. ऑफिसर हुऊन गाडीतनं येती, ते मागनं. मी आधी ऑफिसर केलं आणि मग शाळंत घातलं.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ती एकोणीस वर्षांची. कोल्हापुरात एका खोलीत रेकॉर्डिंग, सगळ्यांत मिळून एक माईक, ढोलकीवाला लांब कोपऱ्यात. ती घाबरली आणि कडव्यांची अदलाबदल झाली. मागे म्हणणाऱ्यांनी मुकाट्यानं तिचंच ओढलं. टेप संपत आली होती, पुन्हा घेता येईना. शाहिरांनी कोडोली येईपर्यंत एसटीत सगळ्यांदेखत तिला फैलावर घेतलं आणि त्यानंतर पुढे उभं राहून गायला दिलं नाही. पुढच्या वर्षी गावातच लग्न झालं. चाळीसच्या वर वर्षं माझी आई ते गाणं लागलं की घरात निघून जायची. आम्हाला वाटायचं, तिला आवाजाचा त्रास होतो.

मी फोनवर त्या मोठ्या गायकाचं गाणं लावलं आणि तिला शेवटपर्यंत ऐकायला लावलं.

“त्यानंबी तसंच म्हटलंय की,” ती म्हणाली.

“सगळा महाराष्ट्र तसंच म्हणतो. तुझं ऐकून त्यानं उचललं, त्याचं ऐकून बाकीच्यांनी.”

“येडी हाईत व्हय सगळी? पोरगी शाळंच्या आधी ऑफिसर कशी हुईल?” तिनं फोन उलटा करून ठेवला. मग विचारलं, “कवा हाय तुमची बैठक?”

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ती सकाळच्या एसटीनं आली. गुरुजींनी तिला अदबीनं खुर्ची दिली. मी ताडताड सगळं मांडलं. हा उलटा क्रम या कॅसेटपासून सुरू होतो, तो कुणाच्या तोंडून आला हे कानाला कळतं, आणि ज्या बाईनं तो केला ती इथं बसलीय. गुरुजींनी शांतपणे ऐकून घेतलं.

“मावशी, चूक झाली हे मान्य. पण कडवी शाहिरांनीच तशी शिकवली नसतील कशावरून?”

आई उठून उभी राहिली. “शाहीर चुकणारा माणूस न्हवता. मी चुकलो. ती चूक माझी हाय, दुसऱ्या कुणाची न्हाय.” आणि तिनं तिथंच, न गाता, साध्या बोलण्यात चारही कडवी बरोबर क्रमानं म्हणून दाखवली. पाटी आधी, गाडी मागनं. इतकी वर्षं तिनं ती अशी मनात ठेवली होती. मला त्या क्षणी शाहिरांचा, गुरुजींचा, कव्हर छापणाऱ्याचा, सगळ्यांचा राग आला, आणि स्वतःचाही, कारण मी तिला कधी काही विचारलंच नव्हतं.

गुरुजी विरघळले, पण नियम सोडवेना. “असं करूया मावशी. शाहिरांचं नाव राहू दे. पुढं ‘आणि पार्टी’ लिहितो, तिथं कंसात तुमचं नाव घालतो.”

“गुरुजी,” आई म्हणाली, “चुकलो तवा कोडोलीपतोर शिव्या एकटीनं खाल्ल्या. पार्टीतलं कोण मदी पडलं न्हाई. मग आता नाव लिवायच्या वक्ताला पार्टी कशाला?”

गुरुजींनी शाहिरांचं नाव पुसलं आणि तिला पूर्ण नाव विचारलं. मी सवयीनं आमचं आडनाव सांगायला गेले. आईनं हातानं मला गप्प केलं आणि स्वतःचं नाव, तिच्या बापाचं नाव आणि माहेरचं आडनाव सांगितलं. “गायलो तवा मी हीच हुतो,” ती म्हणाली, आणि गुरुजींनी लिहिलेलं बरोबर आहे का ते वाकून बघू लागली.